उसन्या सोफ्यावरची गरिबी

नाई, गरीब असनं काई कठीन नाई, राजेहो, ते आमाले पिढ्यान्‌पिढ्या जमूनच राह्यलं... पन गरीब हाव असं कोनाले तरी दाखवाचं, तेबी मोबाईलवर, तेबी शिकल्यासवरल्या मानसाले, तेबी नेट हाय तोवर... तुमाले सांगतो, ते कठीन हाय! अन् त्यातच घरात काचेचं शोकेस, शोकेसात चिनीमातीचा हत्ती, अन् तो हत्ती सोंड वर करून थेट त्या मॅडमकडे पाहून राह्यला... भेव नाई वाटनार त काय वाटनार, राजेहो?

थांबा, असं मधातूनच सांगतलं त तुमाले काई समजनार नाई. मी संघदीप. ढाणकीचा. माह्या बाप म्हनजे बाबाराव पेंटर. बजारात एखाद्या जुन्या दुकानाचं शटर खाली ओढून पाहा, पिवळ्या अक्षराले लाल सावली दिसली का समजा, हे माह्या बापाचं काम. आता मात्र सारे फ्लेक्स लावून राह्यले. बाबाचे डबे वाळून राह्यले, बुरूश कडक होऊन राह्यले, अन् बाबा रोज सकाळी ते बुरूश रॉकेलात बुडवून ठेवते, जसं काई आज कोनी बलवाले येनारच हाय! त्याच हाताखाली मी अक्षरं काढाले शिकलो, मंग चित्र, मंग मातीच्या मूर्ती, मंग कालेजची डिग्री, अन् आता त मास्टरले नंबर लागला. मूर्तिकलेत! पार दुसऱ्या राज्यात, मोठं नावाजलेलं कालेज!

गल्लीत बातमी गेली त आमचे भगवानकाका काय म्हनाव? "काहून रे संघदीप, माती कालवाले एवढ्या दूर जाऊन राह्यला? माती त माह्या वावरात बी हाय!"

आता याले काय सांगता? हसलो. पन रात झाली का झोपच येत नोती. कारन फी. ते फी पाहून बाबा नुसतेच उठले अन् आंगनात जाऊन उभे राह्यले. पन त्या कालेजात एक सोय हाय. ज्याची ऐपत नाई त्याची फी कालेज माफ करते, वरून जेवाखावाचं बी पाहते. फक्त एकच अट. ऐपत नाई, हे त्याइले पटलं पायजे. पटलं त जागा तुमची. नाई पटलं त महिनाअखेर ते जागा खालच्या नंबरवाल्याले, अन् संघदीप ढाणकीत, वाळलेल्या डब्याइपाशी. मी दाखले धाडले, अर्ज धाडला. अर्जात लिवलं होतं, तुमची गरज तुमच्या शब्दात मांडा. आता गरज मांडाची म्हनजे काय, रांगोळी हाय का? पन मांडली बावा. घरात काय हाय, काय नाई, खरं खरं लिवलं. फ्रिज नाई, सोफा नाई, कूलर नाई. मंग एक दिवस फोन आला, एकदम गोड आवाजात. "संघदीप, तुमचा अर्ज आम्हाला आवडला हं. आता फक्त एक छोटीशी औपचारिकता. उद्या अकरा वाजता व्हिडिओ कॉलवर आम्ही तुमचं घर पाहू. घाबरू नका."

घाबरू नका! मले सांगा, डॉक्टर सुई हातात घेऊन घाबरू नका म्हनते, तवा कोनी घाबराचं राह्यते का?

अन् इथंच माह्यी चुकी झाली. मी घरात गेलो अन् मायले सरळ म्हनलो, "माय, उद्या कालेजवाले आपलं घर पाहनार हायेत."

बस. घर पाहनार! आता आमच्या गल्लीची रीत तुमाले मालूम नाई. आमच्याकडे कोनाचं घर पाहाले पाव्हने येनार असले ना, मंग ते पोरगी पाहाले येवो का पोरगं, त्या घरात साऱ्या गल्लीतलं चांगलं चांगलं सामान जमा होते. गल्लीत सोफा एकच, भगवानकाकाचा. पन अर्ध्या गल्लीच्या सोयरिकी त्याच सोफ्यावर जुळल्या! आमच्या दीपाचं, म्हनजे माह्या बहिनीचं जमलं तवा तो सोफा आमच्या घरी, लीलाकाकूच्या उर्वशीचं जमलं तवा आमच्या दीपाचा पंखा तिच्या घरी. कोनी कोनाले उपकार म्हनत नाई, कोनी नाई म्हनत नाई. सकाळी सामान येते, पाव्हने पोहे खाऊन जाते, संध्याकाळी सामान घरी जाते. पाव्हन्याइले बी ठाऊक असते, कारन त्याइच्या गावात बी तसंच!

मले मात्र ध्यानातच नाई आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोबाईल रिचार्ज माराले बजारात गेलो, अन् परत येऊन पाहतो त... राजेहो, मले वाटलं घर चुकलो!

दारावर पडदा. पडद्यावर मोर. आत भगवानकाकाचा सोफा, सोफ्यावर भगवानकाका. लीलाकाकूचा फ्रिज, फ्रिजले टेकून लीलाकाकू. शिक्षक कॉलनीतल्या माह्या दोस्ताचा, अतुलचा कूलर, तो सोता सुरू करून पाहून राह्यला. अन् ते शोकेस, हत्तीसगट! अन् बाबा? बाबानं दाराच्या चौकटीवर नवीकोरी पाटी रंगवली होती, सोनेरी अक्षरात, निळी सावली देऊन, "संघदीप निवास"! इतक्या महिन्यानं बाबाच्या हाताले रंग लागला होता, अन् ते खुर्चीवर चढून दुरून जवळून पाहून राह्यले होते, बरं दिसते का म्हनून. आता मले सांगा, त्या मानसाले पुसून टाका असं म्हनाची छाती कोनाची?

म्या मायले कोपऱ्यात ओढलं. "अवं माय, हे काय केलं? आपुन गरीब दिसलो पायजे!"

माय माह्याकडे अशी पाहाले लागली का जसं म्या तिले भर चौकात काई वंगाळ बोललो. "गरीब दिसलो पायजे? एवढे मोठे मानसं आपलं घर पाहनार, अन् मी त्याइले फाटकी चटई दाखवू? लोक काय म्हनतीन, इंदूबाईले रीतभात नाई?"

"पन त्याइनं घर पाहून फी माफ कराची हाय!"

"मंग चांगलं घर पाहून करतीन ना! वंगाळ घरी कोन काय देते रे?"

काय बोलता याच्यावर? बोला! पोरीच्या सोयरिकीत ते खरंच हाय ना! अन् तितक्यात हातातला मोबाईल वाजला. अकरा. भेव नाई वाटनार त काय वाटनार, राजेहो?

फोनात दोघं. एक गोड आवाजाच्या मॅडम, अन् एक चष्मेवाले सर, जे काई बोलत नाई, नुसते लिवते. न बोलनाऱ्या मानसाचं जास्त भेव राह्यते, अनुभव घ्या कवाबी. मॅडम म्हने, "नमस्कार संघदीप, चला, घर दाखवा हं." म्या मोबाईल उचलला अन् डावीकडे फिरवला, त सोफा. घाईनं उजवीकडे फिरवला, त फ्रिज. खाली फिरवला, त गालिचा, हा कोनाचा मले आजबी मालूम नाई! शेवटी म्या मोबाईल वर केला अन् टिनाचं छत दाखवत बसलो. टिनाले एक भोक होतं, ते दाखवलं. मंग त्याच भोकाले इकडून दाखवलं, तिकडून दाखवलं...

"संघदीप, छत दिसलं. आता जरा खाली या."

कसा खाली येऊ, मॅडम? खाली सारी गल्ली बसून हाय!

तितक्यात मांगून बाबा, एकदम ठसक्यात, "जय भीम, मॅडम! पाटी दाखव रे त्याइले, पाटी!" मोबाईल हातातून घेतलाच, अन् दाखवली ना पाटी. संघदीप निवास. सोनेरी. मंग फिरवून पडदा, कूलर, सोफा, फ्रिज, एक बी वस्तू सोडली नाई. हत्ती त दोनदा!

मॅडम म्हने, "वा... घर छान आहे हं तुमचं."

मेलो! छान म्हनली! डोळ्यापुढं त्या कालेजचं फाटक बंद होताना दिसलं मले, राजेहो. अन् मंग त्या चष्मेवाल्या सरानं पयल्यांदा तोंड उघडलं. हळूच. "तुमच्या अर्जात फ्रिज नाही, सोफा नाही, कूलर नाही असं लिहिलंय. यातलं खरं काय मानायचं?"

 नुसता अतुलचा कूलर घरघर करून राह्यला. आता पाहा माह्यी गत. सामान उसनं हाय म्हनलं त माह्यी माय साऱ्या गल्लीपुढं, त्या मोठ्या लोकाइपुढं खाली पाहनार. अन् आमचं हाय म्हनलं त मी खोटारडा, जागा गेली, वरून कालेजात नाव काळं.  म्या मायकडे पाह्यलं. मायनं माह्याकडे पाह्यलं. माह्यं तोंड पाहून तिले काय समजलं ते समजलं, पदर सावरला, अन् बाबाच्या हातातला मोबाईल घेऊन सोताच पुढं झाली.

"बाई, पोरगा खोटं नाई बोलला. फ्रिज या लीलाबाईचा हाय."

लीलाकाकू लगेच पुढं येऊन, "हो हो, माह्याच! आत माह्यं दूध हाय, पाहा!" म्हनून फ्रिजचं दार उघडून दूध दाखवलं. फ्रिजचा पिन लावलाच नोता, दूध नासून गेलतं!

"सोफा या भगवानरावाचा." भगवानकाकानं बसल्या जागेवरून हात वर केला, शाळेतल्यासारखा. "कूलर अतुलचा. तुमी घर पाहनार म्हने, म्हनून मांडलं. आमच्यात पाव्हन्याइले उघडं घर दाखवत नाई, बाई."

 राजेहो, मी त जमिनीत जाऊन राह्यलो. ज्या बाईनं आजवर कोनापुढं नाई म्हनून हात पसरला नाई, ते आज माह्यापायी एकेक वस्तू परकी म्हनून सांगून राह्यली!

मॅडमचा गोड आवाज बी बदलला. हळूच म्हने, "मग ताई, या घरात तुमचं स्वतःचं काय आहे?"

मायनं चारी बाजूनं पाह्यलं. भिंतीकडे पाह्यलं. "भिंतीवरचा बाबासाहेबाचा फोटो आमचा हाय. अन् हा पोरगा."

माह्या डोळ्यात पानीच आलं, खोटं कायले सांगू? बाबा तिकडे तोंड करून उभे. अन् अशा वक्ती, अशा वक्ती आमच्या लीलाकाकूनं काय बोलाव? "मॅडम, तसा पोरगा बी पुरा त्याइचा नाई हं! लहानपनी माह्याच घरी जेवे!"

त्या चष्मेवाल्या सरानं चष्मा काढला, पुसला, लिवलं काईतरी, अन् फोन बंद. आता ते हसून पुसला का रागानं पुसला, कोनाले मालूम? त्यानंतर माह्ये जे दिवस गेले ना... मोबाईल वाजला का छातीत धस्स! मोबाईल नाई वाजला का त्याहून जास्त! जेवन गोड लागेना, माती हातात घेतली त बोटं चालेना. लीलाकाकू येता जाता इचारे, "माह्या फ्रिजनं त नाई ना अडलं?" अन् मी नाई नाई म्हनून हसे, अन् मनात म्हने, फ्रिजनंच अडलं, काकू! भेव नाई वाटनार त काय वाटनार, राजेहो?

अन् मंग पत्र आलं. फी माफ! पुरी! खान्यापिन्यासगट! माय रडली, बाबानं त्याच दिवशी सारे बुरूश धुवून काढले, भगवानकाकानं सोफ्यावर पेढे ठेवून गल्लीत वाटले अन् सांगत फिरले, सोफा गुनाचा हाय म्हनून. मीबी पयल्यांदा पोटभर जेवलो. जेवून मंग आरामात पत्राची शेवटची ओळ वाचली. मदत दरवर्षी नव्यानं तपासली जाईन. पुढच्या वर्षी मॅडम अन् सर सोता घरी येनार.

माह्या हातातला पेढा हातातच. म्या हळूच मायले म्हनलो, "माय, या वक्ती सोफा नको हं. फ्रिज नको. हत्ती त नकोच नको. आपुन हाव तसेच दिसलो पायजे. गरीब."

"मले काय तेवढं समजत नाई?" माय म्हने. "एकदा चुकली म्हनून काय दरवर्षी चुकनार हाव?"

जीव भांड्यात पडला माह्या! तवर ते उठली, कोपऱ्यातली आमची चटई उलगडली, उजेडात धरून इकडून तिकडून पाह्यली, अन् तोंड वाकडं करून म्हने, "हे नाई चालनार. एवढे मोठे मानसं घरी येनार, अन् त्याइच्यापुढं असलीच मांडू? जा, लीलाबाईच्या घरून तिची चटई मांगून ठेव. तिची जास्त चांगली फाटकी हाय!"