सही कुणाची? प्रवेशखिडकीवरून पालकांना चार शब्द

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि आमच्या महाविद्यालयाचे प्राचार्य, प्रमुख पाहुणे म्हणून आलेले दातांचे डॉक्टर, माझे कार्यालयातले सहकारी, आणि समोर बसलेल्या, पहिल्या वर्षात प्रवेश घेतलेल्या मुलामुलींच्या पालकहो,

माझा निरोप आणि तुमची पालकसभा एकाच दिवशी उरकायचं ठरलं, त्यामुळे तुम्ही एवढे जण माझ्या निरोपाला आलात असं दिसतंय. प्रत्यक्षात माझ्यासाठी आलेले पहिल्या रांगेतले सहा. प्राचार्य म्हणाले, "बाई, मुलं कॉलेजात जाताना पालकांना काय माहीत हवं, त्यावर दोन शब्द बोला. जरा गोड बोला." एकतीस वर्षं प्रवेशखिडकीमागे बसलेल्या बाईकडून गोडाची अपेक्षा? सर, तुम्ही फार भाबडे आहात.

पालकहो, मला तुमचा राग येतो. इतकी वर्षं गिळला, आज नाही गिळणार. खिडकीशी येऊन तुम्ही काय विचारता? "आमचं ॲडमिशन झालं का? आमचं प्रॅक्टिकल कधी?" अहो, तुमचं कसलं प्रॅक्टिकल? तुमचं तर टक्कल पडलंय! जिचं प्रॅक्टिकल आहे ती पोरगी तुमच्या मागे पिशवी धरून उभी असते. मी तिला काही विचारलं की उत्तर तुम्ही देता. एकदा मी एका मुलाला नुसती जन्मतारीख विचारली, तर त्याच्या आईने ती वेळेसकट सांगितली. हसा, हसा. ती माउली इथे नसेल कशावरून?

आता विषयनिवडीच्या अर्जाचं बोलते. अर्जावर विद्यार्थ्याने खिडकीसमोर सही करावी, असा नियम आहे. त्याची पाटी माझ्या डोक्यावरच टांगलेली आहे. पण आमच्याकडे पद्धत अशी पडली, की पालक म्हणतात, "बाई, घरून भरून आणतो," आणि आम्ही म्हणतो, "आणा." मग अर्ज येतो. वळण बापाचं, विषय बापाचा, आणि मुलाच्या नावाने केलेली सहीसुद्धा बापाचीच. सतरा-अठरा वर्षांचं पोर सहीखाली झोकात रेघ ओढून दोन ठिपके देत नाही हो! ती ऑफिसात वर्षानुवर्षं सह्या ठोकणाऱ्या माणसाची सवय असते. मला हे दिसत होतं. मी शिक्का मारत होते. उगाच कोण वाद घालणार?

प्राचार्यांची चिठ्ठी आली आहे. "आवरते घ्या." घेते हं, सर.

तुम्हाला वाटेल, ही बाई फार शहाणी. अजिबात नाही. माझ्या मुलाचा अर्ज मीच भरला. खिडकीच्या आतल्या बाजूला बसून, त्याला न विचारता, त्याच्या नावाची सही ठोकली. पोरगा तीन वर्षं मुकाट्याने शिकला. पदवीचं प्रमाणपत्र आणून माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "आई, घे. पास झालीस." त्याला सात वर्षं झाली. तो फोन उचलतो, तब्येत विचारतो, औषध घेतलं का विचारतो. स्वतःचं एक अक्षर सांगत नाही. मी विचारलं की म्हणतो, "बरं चाललंय." मला जिव्हारी लागतं ते, पण तक्रार कुठल्या तोंडाने करू?

तरी मी शहाणी झाले नाही, हे ऐकून ठेवा. पुढची सात वर्षंही शिक्के मारतच होते. काल दुपारी एक मुलगी एकटी खिडकीशी आली. म्हणाली, "बाई, मी कुठला विषय घेतलाय?" मला वाटलं, थट्टा करतेय. तर नाही. बिचारी खरंच विचारत होती. अर्ज काढून वाचून दाखवलं, रसायनशास्त्र. म्हणाली, "बरं." आणि निघाली. मी हाक मारली, "अगं, तुला काय हवं होतं?" तिने आधी मागे वळून बघितलं. मागे कुणी नव्हतं. तरी हळूच म्हणाली, "भूगोल." अहो, भूगोल म्हणाली! चोरी कबूल करावी तशी!

आज सकाळी येऊन सगळे अर्ज काढले आणि सह्या तपासल्या. सत्तेचाळीस सह्या मोठ्या माणसांच्या निघाल्या. ते सत्तेचाळीस अर्ज मी रद्द केले आहेत.

थांबा, गलका करू नका. तुम्हाला सभेला आत घेतलं आणि मुलांना बाहेर व्हरांड्यात बसवलं, ते उगाच नाही. आमच्या शिपाईमामांनी त्यांना कोरे अर्ज वाटले आहेत. प्राचार्य प्रास्ताविक करत होते तेव्हापासून ती भरताहेत. ज्याला आईबापाचाच विषय हवा असेल तो तोच लिहील, माझी काही हरकत नाही. पण लिहील तो स्वतः.

अहो डॉक्टर, खाली बसा. मी कुणाच्या मुलीचं नाव घेतलं का? तुम्हीच उठलात.

आणि सर, असे बघू नका. विषयांची यादी आज विद्यापीठाकडे जायची आहे, ती माझ्या सहीने जाते, आणि पाच वाजेपर्यंत मी नोकरीत आहे. नंतर काय चौकशी लावायची ती खुशाल लावा.

शाल दिलीत, इतकी वर्षं सांभाळून घेतलंत, सगळ्यांचे मनापासून आभार. बोलताना कुणाचा मान राखायचा राहून गेला असेल, तर जीभच तिखट आहे असं समजून माफ करा. अर्जांबद्दल मात्र माफी मागणार नाही. आता कृपा करून कुणी दाराकडे जाऊ नका. चहा इथेच येईल. बाहेर पोरं लिहिताहेत.