सूर्यकांतच्या बदल्यात

“हॅलो? … हो, मीनाक्षीच बोलतेय. … वन्सं, जरा हळू. करोल बागेतून मुनिरकापर्यंत फोनशिवायसुद्धा ऐकू येईल.”

नणंदेचा, म्हणजे सुहासिनीताईंचा, फोन येणार हे मीनाक्षीला सकाळपासूनच ठाऊक होतं. मटार सोलायची परात तिने मुद्दाम फोनशेजारी मांडली होती. स्टूल पुढे ओढून ती ऐसपैस बसली. खिडकीपाशी, कोवळ्या उन्हात, तिचे यजमान दीनानाथ पेपर वाचत होते.

“कशाबद्दल म्हणताय? … अच्छा, सूर्यकांत. … हो, काल आमचा कॅप्टन शशिकांत सांगून गेला. यंदा आमच्याकडून खेळणार म्हणे.”

दिल्लीतल्या मराठी वसाहतींचे बास्केटबॉलचे सामने दर हिवाळ्यात होत, आणि मुनिरका विरुद्ध करोल बाग म्हटलं की या दोघी नणंद-भावजया एकमेकींच्या समोरच्या बाजूंना शाली गुंडाळून बसत. कॅन्टोन्मेंटमधल्या सुभेदार हिंदुरावांचा मुलगा सूर्यकांत हा करोल बागेचा सेंटर, संघातला सगळ्यांत उंच खेळाडू. नुसता उभा राहिला तरी समोरच्याला बास्केट दिसत नसे. या वर्षी त्याला इकडच्या कॉलेजात ॲडमिशन मिळाली, मुनिरकात खोलीही घेतली, आणि त्याने इकडूनच खेळायचं ठरवलं. सामन्यांचा नियम असा, की खेळाडू वसाहत बदलू शकतो, पण त्याच्या बदल्यात नव्या वसाहतीने आपला एक माणूस द्यायचा. कोणता, ते ज्यांचा खेळाडू जातो त्यांनी सांगायचं.

“पळवला? अहो, एवढा थोरला मुलगा, तो काय पाकीट आहे का पळवायला? … नाही, मी काही बोलले नाही त्याला. फक्त एकदा जेवायला बोलावलं. … दोनदा. … हो, साबुदाणा वडे केले होते. त्यात काय? खोलीवर राहतो बिचारा.”

परातीत मटार टपटप पडत होते.

“अंडी तुम्ही उकडून घातलीत, मान्य. … थालीपीठंही मान्य. … पण उंची हिंदुरावांच्या घराण्यातली आहे, वन्सं. त्याची आत्या आपल्या मंडळात आली तेव्हा दाराच्या चौकटीला कपाळ आपटून घेतलं होतं, विसरलात? तिला कुठे अंडी घातली होतीत तुम्ही? … ऐका ना. अहो, ऐका तर. … गेल्या वर्षी फायनल जिंकल्यावर आमच्याकडे पेढे कुणी पाठवले? … आनंदाने? श्रीरंग डबा देताना काय म्हणाला सांगू? ‘आईने सांगितलंय, हरलेल्यांचं तोंड आधी गोड करा.’ तेव्हा नाही मी फोन केला. गिळले पेढे.”

खिडकीपाशी पेपर जरासा हलला.

“मग श्रीरंगशीच भांडा. कॅप्टन तुमचाच मुलगा आहे. त्यानेच सोडलं ना सूर्यकांतला? … हसत हसत सोडलं? कमाल आहे. … बरं, बदल्यात कोण मिळालं तुम्हाला? … नाही, मला नाही माहीत. शशिकांतने नाव नाही सांगितलं. मी विचारलं तर नुसता हसत जिना उतरला. … अहो खरंच नाही माहीत. तुमची शपथ.”

सुहासिनीताई पलीकडून बोलू लागल्या त्या अगदी मऊ, लाडिक आवाजात. या आवाजाने मीनाक्षी एरवी सावध झाली असती. पण आज सूर्यकांत तिच्या बाजूला होता, आणि जिंकल्याच्या भरात तिला काही सुचत नव्हतं.

“ओळखू? … चलो, सांगा, कसा आहे? … गुडघे दुखतात? … खेळायला उतरायच्या आधी पट्टी बांधतो? अहो, मग धावतो केव्हा? … चष्मा. बरं. … पोटसुद्धा आहे? वन्सं, हसवू नका, शेंगा सांडल्या माझ्या. असला कोण आहे आमच्यात? … जिना चढताना मध्ये थांबतो, आणि थांबला तर म्हणतो दृश्य बघतोय? … अगदी आमच्यातलाच दिसतोय कुणीतरी. श्रीरंगला काय झालं हो असल्याला मागायला? हा तर बेंचवर बसला तरी दमेल. … आणि घोरतो? कसा? … अगदी लहानपणापासून? पण त्याच्या लहानपणचं तुम्हाला काय माह—”

मीनाक्षीचा हात परातीतच राहिला.

खिडकीपाशी पेपर होता तिथेच होता. मघापासून त्याचं पान उलटलं गेलं नव्हतं. पेपरच्या वर टक्कल दिसत होतं, आणि ते हळूहळू खाली खाली जात होतं.

“वन्सं, एक मिनिट धरा.”

तिने रिसीव्हरवर तळहात दाबला.

“अहो.”

“हं.”

“पेपर खाली ठेवा.”

दीनानाथांनी पेपर खाली ठेवला, नीट घडी घालून, पुन्हा एकदा घडी घालून.

“मी सांगणारच होतो,” ते म्हणाले.

“केव्हा? करोल बागेच्या बेंचवर दिसल्यावर?”

“पोरांनी माझ्या जागी नवा कोच आणलाय. दिवाळीनंतर. शिकलेला आहे, चांगला आहे मुलगा, त्याचं काही नाही. मला म्हणाले, अंकल, आप बस बॉल का पंप संभाल लो.”

“आणि तुम्ही रोज सकाळी कॅनव्हासचे बूट घालून जाता ते?”

“पंप सांभाळायला.”

दीनानाथ ऑफिसच्या संघातून खेळायचे तेव्हापासून मीनाक्षी या माणसाला ओळखत होती. मुनिरकाच्या पोरांना चेंडू धरायला यांनीच शिकवलं होतं. दिवाळीपासून हा माणूस घरी येऊन आज प्रॅक्टिस छान झाली म्हणत होता, आणि तीही गरम पाणी काढून देत होती. वर आत्ता, त्यांच्या देखत, ती त्यांच्या पोटाला आणि गुडघ्यांना हसली होती.

“श्रीरंगने आपणहून मागितलं मला,” दीनानाथ हळूच म्हणाले. “म्हणाला, सूर्यकांत गेला तर जाऊ दे, कोच म्हणून आम्हाला मामा द्या.”

एवढं सांगताना त्यांचा चेहरा असा उजळला की मीनाक्षीने नजर वळवली आणि फोन पुन्हा कानाला लावला.

“हां, बोला वन्सं. … छे, रडायला काय झालं? सर्दी आहे. … माहीत होतं की मला. बिल्कुल माहीत होतं. म्हटलं, तुम्ही कशा सांगता ते बघावं. … हसा, हसून घ्या. … झालं? आता मी सांगते ते ऐका. भर धुक्यात पहाटेच्या बसने यांना बोलवायचं नाही. शनिवारी संध्याकाळीच येतील, तुमच्याकडे झोपतील. … घोरू देत, तुम्हाला सवय आहे. … प्रॅक्टिसनंतर समोसे नाहीत. थालीपीठ चालेल, एकच. … लोणी नको. … आणि शिट्टी यांच्याच गळ्यात राहील. श्रीरंगला सांगा, मामीने बजावलंय म्हणावं. पंपबिंप जो कुणी सांभाळायचा तो सांभाळेल.”

सुहासिनीताई पलीकडे काहीतरी गंभीरपणे बोलत होत्या. मीनाक्षी ऐकत राहिली, हुंकार देत राहिली.

“हो. … हो ना. … कोच बदलल्याचं मला कुठे बोलले? मलाही आत्ताच कळतंय. … नाही, चांगलं केलं श्रीरंगने. … थांबा, थांबा. सूर्यकांत डावीकडून अडतो, फाऊल लवकर करतो, हे सगळं यांना पाठ आहे. आमची बाकीची पोरं तर यांनीच घडवलीयत. … म्हणजे वन्सं, फसवलंय आम्हाला तुमच्या लेकाने. एक उंच पोरगा देऊन आमचा अख्खा संघ घेऊन गेला.”

आता दोघी एकदमच हसल्या. दीनानाथांनी उठून सांडलेल्या शेंगा गोळा करायला घेतल्या, गुडघ्यावर हात ठेवून, बेताने.

“काय म्हणालात? … मी? … मी कुठल्या बाजूला बसणार?”

मीनाक्षीने नवऱ्याकडे पाहिलं. शेंगा हातात धरून तेही तिच्याकडेच बघत होते.

“हॅलो? … हॅलो, वन्सं? … नाही हो, काहीच ऐकू येत नाहीये. … खरखर आहे नुसती. … हॅलो?”

लाईन अगदी स्वच्छ होती. सुहासिनीताईंच्या गल्लीतल्या भाजीवाल्याची हाकसुद्धा ऐकू येत होती. मीनाक्षीने फोन ठेवून दिला आणि परात पुन्हा मांडीवर घेतली.

लगेच घंटी वाजू लागली.

“उचला,” ती दीनानाथांना म्हणाली. “तुमच्या संघाचा आहे.”