एका डोक्याचे चार चहा

...आणि वर वहिनी मलाच म्हणते, दर वाढवा, बोर्डाला काय सोनं लागलंय? आता काय सांगू तिला? तुम्हाला सांगतो, आमच्या सलूनचा तो बोर्ड दादानं स्वतः रंगवलेला. ‘केस कापणे ४०’. त्यातलं शून्य बघा कसं गरगरीत, डिट्टो दादाच्या पोटासारखं! दादा गेला, शून्य राहिलं. ते मी पुसू? अहो, हात तुटतील माझे!

पण वहिनीचंही बरोबर. जागेचं भाडं दुप्पट झालं, दर तोच. दादाचा हिशोब सोपा होता : एका डोक्याचे चार चहा. चहा दहाला होता तेव्हाचे हे चाळीस. आज चहा वीसला. म्हणजे मी डोकं कापतो एक आणि चहा मिळतात दोन! उरलेले दोन कोण पितं? मी चौथीत शाळा सोडली, मला कसं कळणार?

खुर्चीतले मास्तर, तोंडाला साबण फासलेला, तसेच म्हणाले, “अरे, एकट्या चहानं महागाई मोजतात का? टोपलीभर वस्तू धर, मग बघ.” झालं! मी खरोखरच टोपली आणली. ब्लेडं टाकली, साबण टाकला, टॉवेल, पावडर, वर विजेचं बिल. मास्तर हसून हसून खुर्चीतून घसरायचे बाकी होते, माझ्या हातात वस्तरा! मग त्यांनीच बेरीज केली, तेव्हाची आणि आजची. टोपली तीच, पैसे दुप्पट. म्हणाले, “तुझे चाळीस आता वीसच राहिले रे.” एवढी टोपली भरून उत्तर काय, तर दादाचंच... एका डोक्याचे दोन चहा!

त्या संध्याकाळी वहिनी शांतपणे म्हणाली, “भावजी, तुम्ही बोर्ड सांभाळा. मी दुकानाची जागा सोडून देते.”

माझं डोकंच फिरलं. घेतली पट्टी, चढलो स्टुलावर. म्हटलं, शून्याला हात लावायचा नाही, फक्त चार खरवडू. डोळ्यांत पाणी, नाकात रंगाचा भुगा, खरवडतोय, खरवडतोय... आणि चारच्या खाली काय निघावं? दोन! वीस! चहा पाचला होता तेव्हाचे! आणखी खरवडलं, तर खाली एक. दहा! चहा अडीचला होता तेव्हाचे!

म्हणजे दादा स्वतःच पुसत आला होता हो! मी दुकानात आलो तेव्हा चाळीसच होते, मला काय माहीत! शून्य तेवढं पहिल्यापासून एकच. शेवटी आजारात ब्रश धरवेना, म्हणून चाळीसवर अडकला, एवढंच. मी स्टुलावर बसलो आणि इतका रडलो, इतका हलका झालो, की वहिनीला वाटलं पडलो. मग तिनं स्टूल धरलं, मी आठ काढला. वाकडा आला, पण दादाच्या शून्याला टेकून उभा राहिला. ऐंशी. एका डोक्याचे चार चहा!

सकाळी पहिलं गिऱ्हाईक समोरचा चहावाला. मला घाम फुटलेला. त्यानं बोर्ड वाचला, केस कापून घेतले, मुकाट ऐंशी दिले. वहिनी हसली, कितीतरी दिवसांनी. मला वाटलं, सुटलो!

तो दारात थांबला, मान चोळली आणि म्हणाला, “आमचाही खर्च वाढला बाबा. उद्यापासून चहा पंचवीस.”

पंचवीस चोक शंभर. आणि दादानं शून्य ठेवलंय एकच... दुसरं आता मलाच काढावं लागणार.