वारा घालणारी

बाळाला देवी टोचायला मी इंदापूरच्या दवाखान्यात बसले होते. बावड्याचे मोहनराव छाती धरून खाटेवर पडले होते. त्यांची बायको, द्वारकाबाई, पदरानं त्यांना वारा घालत होती.

“डॉक्टर, हितं आग पडलीय. मी काय आता वाचत न्हाय.”

“न्याहारीला काय खाल्लं?”

“लई न्हाय. अकरा पुरणपोळ्या.”

“जळजळ आहे, सोडा देतो. बाई, तुम्हाला एवढा घाम कशाचा?”

“तिला काय हुतंय? मला गाडीतनं तिनंच उतरवलं.”

“मी बाईंना विचारलं.”

“डावा हात दुखतोय जी. पानी शेंदून आसंल. जबडाबी ठणकतोय. छातीवर जातं ठिवल्यावानी वाटतंय.”

“कधीपासून?”

“पहाटं ह्यांच्या पोळ्या लाटत हुते, तवापासनं.”

“नाडी बघू... मोहनराव, खाट सोडा. हृदयाचा झटका बाईंना आलाय. कंपाउंडर, मॉर्फिनची सुई आणा. बाई, आडव्या व्हा, अजिबात हलू नका.”

मोहनराव टुणकन उठले.

“हिला किती दिस झोपवायचं?”

“सहा आठवडे. पाण्याचा तांब्यासुद्धा उचलायचा नाही.”

“आन् मग माझा सोडा कोन कालवंल?”

खाटेवरून डोळे मिटूनच द्वारकाबाई म्हणाली, “डॉक्टर, कागदावर आठ आठवडं लिवा.”