ओल्या टॉवेलांची करामत

फेब्रुवारी १९९१, आखाती युद्धाचे दिवस. सौदीतल्या धाहरानमध्ये गॅस मास्कच्या रांगेत विभा सकाळपासून उभी होती. तेवढ्यात मागून चक्क मराठी कानावर आलं.

"नूरुद्दीनभाई, बजी पोपटांचं काय झालं? या खेपेलाही अंडी वाया?"

"दोनदा गेली होती, खोतसाहेब. पिल्लू आत पुरतं वाढायचं, कवचाला टोच मारायचं आणि तिथंच मरायचं. आमची लेक जोहरा रडायची."

"नर बदलून बघायचा."

"बदलला. दाणा बदलला, घरट्याची पेटी बदलली. काही फरक नाही."

"मग?"

"मग लढाई लागली. हल्ल्याचा भोंगा वाजला की आम्ही एका खोलीत. खिडक्यांना टेप, दाराखाली ओले टॉवेल. जोहरा म्हणाली, पाखरांना बाहेर ठेवून मी आत बसणार नाही."

"पिंजरा आत?"

"तीन आठवडे! टॉवेल सुकला की ती पुन्हा भिजवायची. आणि गेल्या आठवड्यात पेटीतून चिवचिव!"

"फुटली?"

"पाचच्या पाच!"

"अहो, पण कशानं?"

"हीटरनं हवा कोरडी पडायची हो. अंड्यातला पापुद्रा सुकून पिल्लाला चिकटायचा. या वेळी टॉवेलांनी खोलीत ओल धरली."

विभाला राहवलं नाही. ती मागे वळली.

"पाचही जगली?"

"जगली म्हणजे? अहो ताई, काल भोंगा कधी थांबला तेच आम्हाला कळलं नाही, इतका त्यांचा कालवा!"