दहाच्या पुढे

परीकथेतले एल्फ बनून खेळायच्या मेळाव्यात, सूपच्या रांगेत बोहदाना नकली टोकदार कान सावरत उभी होती. खेळासाठी एल्फांची भाषा तिनेच रचली होती, पण आकडे कित्येक वर्षं दहापाशीच अडले होते. पुढे दोन अनोळखी बायका बोलत होत्या.

“सासूबाई वैतागल्यात गं. माझी लेक आपल्या चेक भाषेतले आकडे म्हणतच नाही. परवा टोपलीतली अळंबी एल्फांच्या भाषेत मोजली.”

“पाचला ‘वेरू’, म्हणजे हात?”

“हो, आणि दहाला दोन हात.”

“पुढे आकडेच नाहीत. आपण तिथंच थांबतो.”

“ती कुठली थांबतेय. म्हणाली, पायाला बोटं आहेत की. अकरा म्हणजे पायाचं पहिलं.”

बोहदानाला राहवलं नाही. “अहो, वीसपर्यंत गेली?”

“वीस झाल्यावर आजीचे हात मागितले.”

“मग एकवीस म्हणजे आजीचं पहिलं. आजपासून हेच.”