निशाचा वाडगा

निपाणी स्टँडवर बेळगावच्या बससाठी रांग होती. माझ्यापुढं एक मुलगी आणि तिची आई उभ्या होत्या.

“निशे, डबा एवढा घट्ट का धरलाईस?”

“आई, आज परीक्षक समोर बसून माझा प्रयोग बघणार. लोखंडाच्या भुकटीवर कार्बन डायऑक्साइडचं इंधन करायचं. आजवर एकदाच झालंय. सगळी पीएचडी त्याच्यावर हाय.”

“एकदा झालं, तर परत हुईल की.”

“का झालं, ते मागनं कळलं. भुकटी वाळवायचा मातीचा वाडगा तू राखेनं घासलतास. तंबाखूच्या काड्यांची राख. तिच्यातलं पोटॅशियम लोखंडाला लागलं, म्हणून जमलं.”

“म्हंजे पीएचडी माझी!”

“हसू नको गं. म्हणूनच परवा वाडगा परत तुझ्याकडं घासायला दिला. त्यातच काल वाळवलेली भुकटी ह्या डब्यात हाय. पर पोटॅशियम चिमूटभरच चालतं. जास्त झालं, तर लोखंडावर काजळी धरती आणि सगळं बंद पडतं.”

“चिमूटभरच?”

“व्हय. का गं?”

“तुझी परीक्षा म्हणून वाडगा रातभर राखेत पुरून ठेवलता.”

“पुरून?”

“मातीचाच तो. राख प्याला आसंल पोटभर.”

“आई, गाडी आली.”

“ही कोल्हापूरची आसंल बघ.”

“बेळगाव लिहिलंय.”

“निशे, कोल्हापूरला मावशी हाय आपली.”